मराकेशहून ऐत बेनहद्दू आणि वारझाझात एका दिवसात: सहल कुठे फसते आणि क्रम कसा लावायचा

मोरोक्कोतल्या ऐत बेनहद्दूसमोरच्या एका गच्चीवर, भर दुपारी बाराच्या उन्हात, डोंबिवलीच्या एका काकांनी मला विचारलं होतं, "अहो, वाळवंट कुठाय?" चार तास घाट चढून-उतरून ते तिथे पोचले होते. समोर टेकडीला बिलगलेलं मातीचं गाव आणि पायाशी जवळजवळ कोरडी नदी. त्यांना वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग हवी होती. सहल विकणाऱ्याने त्यांना खोटं काहीच सांगितलं नव्हतं. काकांनी विचारलंच नव्हतं.

मी ही सहल तीनदा केली आहे, त्यातली दोनदा पार्ल्यातल्या ओळखीच्या मंडळींना घेऊन. परत आल्यावर ज्यांचे ज्यांचे फोन येतात त्यांचे घोटाळे ठरलेले असतात: चुकीच्या जागी चुकीची अपेक्षा, ड्रायव्हरलाच गाइड समजणं, घाटात उलट्या आणि शेवटी "स्टुडिओ बघायला वेळच मिळाला नाही." म्हणून आता पायरीपायरीने लिहिते. मोरोक्कोचा व्हिसा आणि कासाब्लांकापर्यंतचं विमान तुम्ही केलंय असं धरून चालते.

## पायरी 1: पैसे भरण्याआधी नकाशा बघा

मराकेश ते वारझाझात हे अंतर जवळपास 200 किलोमीटर. आकडा ऐकला की मुंबईकर मनात म्हणतो, नाशिकहून थोडं पुढे. चूक इथेच होते. मध्ये हाय ॲटलास पर्वत आडवा आहे आणि रस्ता तिश्का खिंडीतून जातो. खिंडीची उंची 2,260 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सहाशे मीटर गाडी चढवायची, पलीकडे उतरायचं आणि त्याच दिवशी हे सगळं उलट करायचं. एका बाजूला चार तास धरा. ऐत बेनहद्दू हे वारझाझातच्या अलीकडे साधारण 30 किलोमीटरवर, मुख्य रस्त्यापासून थोडं आत आहे.

हिशेब सरळ आहे. बारा-साडेबारा तासांच्या दिवसात आठ तास गाडीत जातात. जेवण वजा केलं तर बघण्यासाठी तीन, फार तर साडेतीन तास उरतात. हे मान्य असेल तरच पुढे वाचा. मान्य नसेल तर ऐत बेनहद्दूला एक रात्र राहा, तो पर्याय कधीही चांगला. पण दहा दिवसांत सगळा मोरोक्को बसवणाऱ्यांकडे ती रात्र नसते, हे मला ठाऊक आहे.

सावधान: हा प्रदेश रखरखीत आहे, दगडमातीचा आहे, पण वाळूच्या टेकड्या इथे नाहीत. त्या मेरझूगाला आहेत आणि मेरझूगा मराकेशहून साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. एका दिवसात तिथे जाऊन येणं होत नाही. मराकेशजवळचं अगाफे हेसुद्धा "वाळवंट" म्हणून विकतात. तेही दगडगोट्यांचं.

दोन शब्दही आताच नीट करून घ्या, कारण कार्यक्रमपत्रिकेत ते दोन्ही येतात. क्सार म्हणजे तटबंदीचं अख्खं गाव. कसबा म्हणजे एखाद्या सरदाराची गढी. पुण्याच्या कसबा पेठेतला "कसबा" मूळ त्याच अरबी शब्दाचा, पण आपण त्याचा अर्थ गाव-वस्ती असा केला. ऐत बेनहद्दू हे क्सार. वारझाझातमधला तौरिर्त हा कसबा.

## पायरी 2: गाडी ठरवताना सहा प्रश्न, तेही लेखी

सहल दोन प्रकारे मिळते. एक, पंधरा-सोळा जणांच्या मिनीबसमधली सामायिक जागा. दोन, स्वतःची गाडी आणि ड्रायव्हर. चार-पाच जण असाल तर गाडीच करा. माणशी खर्चात फरक पडतो, पण आकाशपाताळाचा नाही, आणि थांबे तुमच्या हातात राहतात.

दोन्हीकडे हेच विचारा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या:

1. वारझाझातला गाडी प्रत्यक्ष किती वेळ थांबणार?
2. ऐत बेनहद्दूला स्थानिक गाइड धरलाय का? कुठल्या भाषेत बोलणारा?
3. स्टुडिओचं आणि कसब्याचं तिकीट पैशांत धरलंय का?
4. जेवण धरलंय का? नसेल तर आम्ही सांगू तिथे थांबाल का?
5. वाटेत दुकानांचे थांबे किती?
6. बर्फाने खिंड बंद झाली तर पैसे परत, की दुसरा दिवस?

पहिला प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता. कार्यक्रमात "वारझाझात, सिनेमाचं शहर" असं झोकात छापलं होतं. प्रत्यक्षात गाडी कसब्यासमोर वीस मिनिटं उभी राहिली. फोटो काढा, चला. त्याच दिवशी वाटेत आर्गन तेलाच्या दुकानात मात्र आम्ही पन्नास मिनिटं होतो. बायका जात्यावर बिया दळताना दाखवतात, ते बघण्यासारखं आहे, पण पन्नास मिनिटं नाही. आमच्यातल्या एकीने घेतलेली बाटली मराकेशच्या बाजारात बरीच स्वस्त निघाली, तो विषय ती अजून काढते.

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व लोकांना तिथे गेल्यावर कळतं. "गाइडेड टूर" म्हटलं तरी गाडी चालवणारा हा बहुतेक वेळा फक्त ड्रायव्हरच असतो. तो तुम्हाला पुलापाशी सोडतो, वेळ सांगतो आणि चहा प्यायला जातो. गावात फिरवणारा माणूस वेगळा आणि त्याचे पैसे वेगळे. परवाना असलेल्या गाइडकडे ओळखपत्र असतं. ते दाखवायला सांगण्यात काहीही उद्धटपणा नाही.

तपासा: सहाही उत्तरं आली का? "नो प्रॉब्लेम" हे उत्तर नव्हे.

## पायरी 3: हा दिवस प्रवासात नेमका कुठे बसवायचा

इथे मुंबईकरांना एक फुकटचा फायदा आहे आणि जवळजवळ सगळेच तो घालवतात. मोरोक्कोचं घड्याळ वर्षातला बहुतेक काळ आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे तिथे पहाटेचे साडेचार वाजतात तेव्हा तुमच्या अंगाच्या हिशेबाने नऊ वाजलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही चारलाच टक्क जागे असता. लवकर निघायची सहल ठेवायची ती तेव्हाच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नको, विमानाचा शीण असतो. एक दिवस मराकेशमध्ये पाय मोकळे करा आणि त्याच्या पुढच्या दिवशी निघा. लोक मात्र ही सहल शेवटच्या दिवसावर ढकलतात. तोवर शरीर तिथलं झालेलं असतं, सकाळी उठवत नाही, आणि पाऊस-बर्फाने दिवस हुकला तर हाताशी दुसरा दिवस नसतो.

रमजानचा महिना स्वतंत्रपणे बघा. त्या काळात तिथलं घड्याळ एक तास मागे नेतात, म्हणजे आपल्याशी फरक साडेपाच तासांचा होतो. बदलाच्या आसपासच्या दिवसांत फोनवर विसंबू नका, रियादच्या (म्हणजे जुन्या घरातल्या, मधे अंगण असलेल्या मुक्कामाच्या जागेच्या) माणसाला तोंडी विचारा. पर्यटकांसाठी जेवणाची ठिकाणं चालू असतात, पण तुमचा ड्रायव्हर दिवसभर पाण्याचा थेंबही घेणार नाही, आणि सूर्यास्ताला त्याला रोजा सोडायचा असतो. त्याला साडेसहाला खिंडीत अडकवू नका. माणुसकी म्हणून तर नाहीच, पण उपाशी माणसाच्या हातात घाटातली गाडी आहे म्हणूनही नाही.

ऋतू थोडक्यात: मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये वारझाझातकडे पारा चाळिशीला भिडतो आणि गावात सावली कमी. डिसेंबर-जानेवारीत आकाश सुंदर, पण खिंडीत बर्फ पडलं की रस्ता बंद करतात. शिवाय त्या दिवसांत सूर्य तिथे आठच्या नंतर उगवतो. साडेसातला निघालात तर पहिला तास अंधारात.

## पायरी 4: मुंबईतून निघताना

मुंबईकराकडे गरम कपडे नसतात, आणि असले तर ते माथेरानच्या टोपीपाशी संपतात. एकाच दिवसात तुम्हाला खिंडीतला बोचरा वारा आणि गावातलं भाजणारं ऊन दोन्ही लागणार आहे. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि वरून वारा अडवणारं जाकीट पुरतं.

चपला नकोत. क्सारमधल्या पायऱ्या ओबडधोबड आहेत, वर भुसभुशीत माती असते आणि उतरताना पाय सरकतो. मागून पट्टा असलेले सँडलही मला पुरेसे वाटत नाहीत. ट्रेकचे जुने बूट सगळ्यांत बरे.

गाडी लागणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात, आणि त्या निघण्याआधी घ्यायच्या असतात, मळमळायला लागल्यावर नव्हे. दादरहून आलेपाकाच्या वड्या न्या. औषध म्हणून किती लागू पडतात ते सोडा, तोंडात काहीतरी असलं की धीर येतो.

ड्रोन घरी ठेवा. मोरोक्कोत परवानगीशिवाय ड्रोन आणायला बंदी आहे आणि विमानतळावर तो काढून घेतात. हल्ली व्हिडिओ करणारी मुलं हमखास इथे अडकतात. फोनच्या चार्जरसाठी आपली दोन गोल पिनांची जोडणी तिथे चालते, तीन पिनांची चालत नाही.

आता सिनेमाचं. "चित्रीकरणाच्या जागा बघायला गेलो आणि काही ओळखूच आलं नाही" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यावर एकच उपाय सांगते. निघण्याच्या आठवडाभर आधी एक सिनेमा पूर्ण बघा, दहा नको. "ग्लॅडिएटर" (2000) घ्या. नायक गुलाम म्हणून ज्या गावात विकला जातो तो भाग ऐत बेनहद्दूला चित्रित झाला आहे. त्यातली तीन स्थिरचित्रं फोनमध्ये ठेवा: एक लांबून गावाचं, एक गल्लीचं, एक तटाचं. मालिकावाल्यांनी "गेम ऑफ थ्रोन्स"मधल्या युंकाई शहराची घ्यावीत. तिथे उभं राहिल्यावर चित्र समोर धरायचं आणि मागचा डोंगर जुळवायचा, घरं नाही. घरांवर सिनेमावाले खोटे मजले आणि बुरूज चढवतात, संगणकावर आणखी वाढवतात आणि काम झालं की सेट काढतात. डोंगराची रेघ तेवढी तशीच राहते.

तपासा: बूट, जाकीट, गोळ्या, तीन चित्रं, ऑफलाइन नकाशा. खिंडीच्या पट्ट्यात नेटवर्क बेभरवशाचं असतं.

## पायरी 5: आदल्या रात्री

तीनच कामं, पण यातलं एक जरी राहिलं तरी सकाळ बिघडते.

पहिलं, सुट्टे. दिरहम मोरोक्कोबाहेर सहसा मिळत नाहीत, तिथे गेल्यावरच घ्यायचे. रुपये तिथे कुणी बदलून देत नाही. युरो किंवा डॉलर न्या, नाहीतर एटीएम वापरा. पैसे बदलल्याची पावती जपून ठेवा, उरलेले दिरहम परत करताना मागतात. एक दिरहम म्हणजे साधारण नऊ-दहा रुपये. दिवसभरात स्वच्छतागृहाला नाणी लागतात, गावातल्या घरात डोकवायला दहा-वीस दिरहम लागतात, आणि दोनशेची नोट पुढे केली की समोरच्याकडे सुट्टे कधीच नसतात.

दुसरं, भेटण्याची जागा. तुम्ही मदिनेत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात राहत असाल तर गाडी दारापाशी येत नाही. बोळ इतके अरुंद आहेत की हातगाडी आली तरी भिंतीला चिकटावं लागतं. सामायिक गाड्या बहुधा जमा-अल-फ्ना चौकाच्या आसपास बोलावतात. आदल्या संध्याकाळी रियादपासून त्या जागेपर्यंत स्वतः चालून या आणि मिनिटं मोजा. सकाळी दुकानं बंद असतात, त्यामुळे "चपलांच्या दुकानापाशी डावीकडे" ही खूण नाहीशी होते. सगळ्या बोळांना सारखीच लाकडी दारं. आमच्या दुसऱ्या सहलीत दोघी जणी याच कारणाने पंचवीस मिनिटं उशिरा आल्या आणि मिनीबसमधल्या बाकीच्यांनी दिवसभर आमच्याशी गोडीने बोलणं टाळलं.

तिसरं, नाश्ता. रियादमध्ये नाश्ता आठनंतर मिळतो. रात्रीच सांगून ठेवलंत तर पाव, चीज, उकडलेली अंडी, संत्री असं बांधून देतात. आपल्या दशम्या किंवा खाकरे असतील तर उत्तमच.

## पायरी 6: निघणं आणि खिंड

सातला, फार तर साडेसातला चाकं हलली पाहिजेत. गाडी लागणाऱ्याने पुढची जागा आधीच मागून घ्यावी. इथे संकोच नको. "मी मागे बसेन हो, मला चालतं" म्हणणाऱ्या मावशीच तिसऱ्या वळणावर पिशवी मागतात.

खिंडीच्या अलीकडे तद्दर्त गावात बहुतेक गाड्या थांबतात. स्वच्छतागृह इथेच उरका, पुढे वळणंच वळणं. पोट भरून खाऊ नका. साधा पाव आणि पुदिन्याचा चहा पुरे. मात्र हा चहा पाकासारखा गोड असतो. मधुमेह असलेल्यांनी साखर न घालता मागावा.

खिंडीत गाडी उभी राहिली की विक्रेते जांभळे-निळे स्फटिक भरलेले दगड घेऊन येतात. अर्धा फोडलेला दगड, आत झगमगाट. त्यातले कितीतरी रंगवलेले असतात. लखलखता निळा, गर्द लाल किंवा चकचकीत रुपेरी दिसला तर हात लावू नका. ओलं बोट फिरवलं तर कधीकधी रंग बोटावर येतो. आमच्या गटातल्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांनीही एक घेतला होता, तेव्हा तुम्ही फसलात तर वाईट वाटून घेऊ नका.

वाटेत पोलिसांच्या चौक्या लागतात. तिथे फोन खाली ठेवा. पोलिसांचे आणि लष्कराचे फोटो काढायचे नाहीत.

स्वतःची गाडी असेल तर ड्रायव्हर विचारेल, तेलुएतमार्गे जायचं का? खिंडीनंतर डावीकडे फुटणारा हा रस्ता ओनिला नदीच्या खोऱ्यातून थेट ऐत बेनहद्दूला उतरतो. तेलुएतला ग्लावी सरदारांचा पडका कसबा आहे, आतल्या दालनांत नक्षीकाम अजून शिल्लक आहे. रस्ता सुंदर, पण वेळखाऊ. तेलुएत घेतलंत तर वारझाझात सोडा. दोन्ही एका दिवसात बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी दोन्ही ठिकाणी फक्त गाडीची काच खाली केली.

तपासा: साडेअकरा-पावणेबाराला तुम्ही ऐत बेनहद्दूला पोचत आहात का? बाराच्या पुढे जात असेल तर पुढचं जेवण लहान करा, क्सार लहान करू नका.

## पायरी 7: ऐत बेनहद्दू

दिवसाचा गाभा हाच. इथे दीड ते दोन तास द्या.

गाडी नव्या गावात थांबते. नदीच्या या काठावर हॉटेलं आणि दुकानं, पलीकडे क्सार. 1987 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक कुटुंबं या काठावर राहायला आली, पलीकडे आता मोजकीच घरं नांदती आहेत. म्हणजे हे संग्रहालय नाही आणि स्टुडिओही नाही. उघडं दार दिसलं म्हणून आत शिरू नका.

आधी लांबून बघा. पूल ओलांडण्यापूर्वी या काठावरच्या उंच जागेवरून किंवा गच्चीवरून अख्खं गाव बघून घ्या आणि फोनमधलं पहिलं चित्र इथे जुळवा. पलीकडे गेल्यावर गाव दिसत नाही, फक्त भिंती दिसतात. लोक घाईने पूल ओलांडतात आणि मग परत येताना दमून हा फोटो राहून जातो.

मग पूल. पादचारी पूल आहे. नदीतल्या दगडांवरून उड्या मारत जाण्याची हौस पाणी कमी असेल तरच करा, आणि कॅमेरा पिशवीत ठेवून.

मग चढण, थेट वरपर्यंत. वर जुन्या धान्यकोठाराचे अवशेष आहेत. चढायला वीसेक मिनिटं लागतात. वाटेत दुकानांत थांबू नका, ती उतरताना आहेतच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी अर्ध्यावर सावलीत बसावं. वर न गेल्याने काही मोठं चुकत नाही. डोंबिवलीचे काका मात्र वर गेले. चारी बाजूंना पसरलेला तो ओसाड, तपकिरी मुलूख बघून म्हणाले, "हां, हे चालेल."

मग सावकाश उतरा, आणि भिंतीला जवळून बघा. माती, वाळू आणि चिरलेलं गवत. बोट टेकवलं तर काड्या दिसतात, कोकणातल्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीसारख्या. फरक एवढाच की आपल्याकडच्या पावसात असं चार मजली घर टिकलं नसतं. तिथेही प्रत्येक पावसाने भिंतींची झीज होते आणि सतत लिंपावं लागतं. सप्टेंबर 2023 च्या भूकंपानेही इथे पडझड झाली. म्हणून तटावर चढून बसणं, भिंतीला पाय लावून फोटो काढणं हे अजिबात नको.

उतरताना एखादा चित्रकार दिसेल. तो कागदावर कुंचल्याने काहीतरी फिरवतो आणि तुम्हाला जवळजवळ काहीच दिसत नाही. मग तो कागद ज्योतीवर धरतो, आणि हळूहळू तपकिरी रेषांतून गाव उमटतं. चहा, साखर आणि केशराचं पाणी. घ्यायचं असेल तर हेच घ्या. मुंबईपर्यंत नीट येतं, फक्त पुठ्ठ्यात घालून आणा.

पैशांबद्दल सावधान: क्सारमध्ये शिरायला तिकीट लागत नाही. काही वाटा कुणाच्या घरातून जातात, तिथे दहा-वीस दिरहम मागतात आणि ते द्यावेत, घर त्यांचं आहे. पण "हे मुख्य प्रवेशद्वार, तिकीट इथेच" असं कुणी म्हणालं तर दुसरी वाट शोधा. गाइड घेत असाल तर रक्कम पूल ओलांडण्याआधी ठरवा, आणि ती माणशी की सगळ्यांची मिळून हे दोनदा विचारा.

चांगला गाइड कसा ओळखायचा? सिनेमांची नावं सगळेच घडाघडा म्हणतात. त्याला विचारा, "तुम्ही कशात काम केलंत?" इथल्या कितीतरी लोकांनी जमावातली कामं केली आहेत. आमच्या गाइडने खिशातून स्वतःचा फोटो काढला, अंगावर चिलखत, पायात आपल्यासारखेच बूट. त्या माणसाने कॅमेरा कुठे होता ते बोटाने दाखवलं, आणि माझी तिन्ही चित्रं दहा मिनिटांत जुळली.

आणि हो, भारतीय दिसलात की "शाहरुख खान!" अशी हाक येणारच. हसून "शुक्रान", म्हणजे धन्यवाद, म्हणा. थांबलात तर पुढचं वाक्य गालिच्याबद्दल असतं.

## पायरी 8: जेवण

एका वाक्यात: चाळीस माणसांची मिनीबस-पंगत असेल तिथे जेवू नका. शाकाहारी मंडळींनी एवढंच लक्षात ठेवा की "भाज्यांचं ताजीन" (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला पदार्थ) मागितलं तरी ते मांसाच्या रश्शात शिजवलेलं असू शकतं, आणि हरिरा सूपमध्ये बहुधा मांस असतं. "सां व्हियांद, सां बुयाँ", मांस नको आणि मांसाचा रस्साही नको, असं फ्रेंचमध्ये सांगा. लिहून दाखवलंत तर आणखी बरं. खात्री वाटत नसेल तर पाव, ऑलिव्ह, सॅलड आणि अंडी चालत असल्यास ऑम्लेट. सोबत मेतकूट असेल तर तिथला पाव मेतकुटाबरोबर झकास लागतो. पाऊण तासात उठा.

## पायरी 9: वारझाझात, दोन्हींतलं एकच निवडा

अर्ध्या तासात वारझाझात. उन्हात लांबवर एक उंच मनोरा आणि त्याच्या टोकाशी डोळे दिपवणारा ठिपका दिसला तर तो नूर सौरऊर्जा प्रकल्प. कुठल्या सिनेमाचा सेट नव्हे. आमच्या गाडीत यावर पैज लागली होती.

इथे दोन गोष्टी आहेत. तौरिर्त कसबा शहरातच आहे: ग्लावींची गढी, अरुंद जिने, छोट्या खिडक्या, आणि समोरच्या बाजूला सिनेमाचं लहानसं संग्रहालय. दुसरा ॲटलास स्टुडिओ, शहराच्या अलीकडे, मराकेशच्याच रस्त्यावर, 1983 साली सुरू झालेला. वेळ एकालाच पुरतो. ऐत बेनहद्दूत मातीच्या भिंती भरपूर बघून झाल्या असतील तर स्टुडिओ घ्या. सोबत इतिहासात रमणारं कुणी असेल तर कसबा. सगळ्यांना खूश करायला दोन्हीकडे वीस-वीस मिनिटं देणं ही सगळ्यांत वाईट वाटणी.

स्टुडिओत तिकीट काढून त्यांच्या माणसाबरोबरच फिरायचं असतं, साधारण तासाभराची फेरी. आत गेल्या-गेल्या विचारा, आज चित्रीकरण कुठे चालू आहे? तो भाग बंद असतो आणि ते तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं. "ॲस्टेरिक्स अँड ओबेलिक्स: मिशन क्लिओपात्रा" या फ्रेंच विनोदी सिनेमासाठी (2002) उभारलेलं इजिप्तचं मंदिर आणि "कुंदुन"साठी (1997) केलेला तिबेटी मठ हे दोन सेट चुकवू नका. मंदिराचा खांब लांबून अखंड दगड वाटतो. बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. मग मागच्या बाजूला जा: लाकडी दांड्या, जाळी, प्लास्टर, चिंध्या. लालबागच्या मंडपाची मागची बाजू ज्याने पाहिली आहे त्याला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटतं.

अपेक्षा आवरा. काही सेट पडायला आलेत, उन्हाने रंग उडालाय. गोरेगावच्या चित्रनगरीसारखी गजबज इथे नसेल, बऱ्याचदा फक्त वारा असतो.

तपासा: चार वाजता सगळे गाडीत. पाच मिनिटं इकडेतिकडे नाही.

## पायरी 10: परतीचा रस्ता

स्वतःची गाडी असलेले मला विचारतात, आधी वारझाझात आणि मग ऐत बेनहद्दू असं उलटं केलं तर? संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मातीचा रंग खरोखर पेटतो आणि दुपारच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. मे-जूनमध्ये दिवस मोठा, सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, तेव्हा जरूर करा आणि ऐत बेनहद्दूहून सहाच्या आत निघा. हिवाळ्यात नको. खिंडीतली वळणं, अंधार, समोरून येणारे ट्रक आणि बारा तास राबलेला ड्रायव्हर, हे गणित मला पटत नाही.

परतताना पुढच्या सीटवर बसलेल्याने झोपायचं नाही. ड्रायव्हरशी अधूनमधून बोलत राहायचं, त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं. पेंग येत असेल तर थांबायला सांगा, चहा तुमच्याकडून. बक्षिशी मराकेशला उतरल्यावर, त्याच्या हातात, सगळ्यांनी मिळून एकदाच.

मदिनेत रात्री आठ-साडेआठला शिरताना एखादा मुलगा सांगेल, "हा रस्ता बंद आहे, मी नेतो." रस्ता बंद नसतो. आदल्या संध्याकाळी चालून आलेला असाल तर तुम्हाला वाट माहीत आहेच. नसेल तर रियादला फोन करा, माणूस चौकापर्यंत घ्यायला येतो. आत शिरण्याआधी बूट दाराबाहेर नीट झटका. त्यातून निघणारी तांबूस माती रियादच्या पांढऱ्या फरशीवर सांडली की सकाळी तिथल्या बाई आपल्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर पार्ल्यातल्या माझ्या आईच्या नजरेहून काही वेगळी नाही.